हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर पहिल्यांदा कॅन्योनिंग, म्हणजे दोरावरून, उड्या मारत, पोहत घळीतून खाली उतरणं, करताय?

सुरुवातीला सिलाओस भागातला फ्लेर जोन हा घळीचा मार्ग घ्या. तिथे भर दोरावर उतरण्यावर आहे. उड्या नि घसरगुंड्या हव्या असतील तर सालाझीचा त्रू ब्लां, पण पोहता येत असेल तरच. मे ते ऑक्टोबर बरा. डिसेंबर ते मार्च वादळी पावसाचे. वर डोंगरात सर आली की घळीत लोंढा येतो. पाणी गढूळ होऊन पाचोळा वाहू लागला की गाइड परत फिरवेल, हुज्जत घालू नका.

उतरताना पाय खांद्याइतके फाकवून मागे रेला. घाबरून कड्याला चिकटलात की बूट सटकतात नि गुडघे फुटतात. खालचा हात दोरावरून सोडायचा नाही. केस घट्ट बांधा, एटमध्ये, म्हणजे दोर ओवलेल्या इंग्रजी आठच्या आकाराच्या कडीत, अडकले तर तिथेच लटकाल! घसरगुंडीत हात छातीवर, कोपरं आत.