लॉबीतील विणलेले भित्तिचित्र : सुताच्या आधी भिंत पाहावी

गोव्यातील समुद्रकाठच्या रिसॉर्टच्या लॉबीसाठी २० फूट रुंद आणि १२ फूट उंच भित्तिचित्र विणायचे असल्यास लोकर घ्यावी की सूत, आणि चौरस फुटाला दर काय लावावा, असे आपण विचारले आहे. दराचा ठरावीक आकडा सांगता येत नाही, कारण तो भिंतीवर ठरतो; दरपत्रक कसे मांडावे ते शेवटी सांगतो.

हे क्षेत्रफळ सुमारे २२ चौरस मीटर होते. चौरस मीटरला तीन किलो धरले तरी ६६ किलो भरते, आणि लोकर दमट हवेत स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतकी ओल धरू शकते. तरीही मी लोकरच घेईन, मात्र कसर लागू नये म्हणून ती आधीच प्रक्रिया केलेली असावी. माझ्या एका कामात पावसाळी मंदीत लॉबीचे वातानुकूलन बंद ठेवले गेले. सप्टेंबरात पट उतरवला तेव्हा लोकर धडधाकट होती, पण मागच्या सुती अस्तरावर हिरवट बुरशीचे वर्तुळ उमटले होते, नेमके भिंतीला ओल होती तिथे. तेव्हापासून अस्तर लावत नाही आणि पट भिंतीपासून दोन इंच पुढे टांगतो.

बारा फुटी माग मिळाला तर चित्र आडवे घालून विणावे, म्हणजे २० फुटांची लांबी ताण्याच्या, म्हणजे मागावर ताणून बसवलेल्या उभ्या धाग्यांच्या, दिशेने जाते आणि पट अखंड निघतो. मात्र टांगल्यावर सगळा भार बाण्यावर, म्हणजे मागावर आडव्या विणलेल्या धाग्यांवर, येतो, आणि मागावर दोन रंगांमध्ये राहिलेली उभी फट भिंतीवर आडवी होऊन तोंड उघडते. यावर उपाय आपल्याकडे जुनाच आहे : पैठणीच्या पदरात दोन रंगांचे बाणे एकमेकांत अडकवतात, तसेच इथे करावे. फटी नंतर शिवून काही वर्षे निभते, पुढे झोळ येतोच.

रंगाच्या पक्केपणाचा दाखला रंगाऱ्याकडून लेखी घ्यावा आणि प्रत्येक छटेची एक लडी राखून ठेवावी. न्यूयॉर्कच्या फोर्ड फाउंडेशन या दानसंस्थेसाठी अमेरिकी वस्त्रकलावंत शीला हिक्स यांनी १९६०च्या दशकात केलेले भव्य वस्त्रपट अखेर नव्याने करावे लागले, आणि ते तर हॉटेलच्या लॉबीत नव्हतेच.

दरपत्रकात टांगणी, वाहतूक आणि पहिल्या पावसाळ्यानंतरची तपासणी स्वतंत्र लिहावी. ती चौरस फुटाच्या दरात मिसळली, तर घासाघीस सुरू होताच दर खाली येतो आणि तपासणीचा खर्च आपल्या खिशातून जातो.