आधी कपाटाचं कुलूप काढा

नाशिकच्या सातपूरहून एका वडिलांचं चार पानी पत्र आलं आहे. मुलगी एकवीस वर्षांची, बी.कॉम. झालेली. सीए इंटरमिजिएटचा पहिला ग्रुप दोनदा राहिला. गेल्या खेपेला अकाउंट्समध्ये ६४, लॉमध्ये ३१. चुलतभाऊ सीए झाला, म्हणून हिनंही व्हायचं, असं घरात ठरलेलं. ‘अभ्यास सोडून रात्री कंपन्यांचे वार्षिक अहवाल वाचत बसते, दोन-दोन कंपन्यांचे आकडे वहीत शेजारी-शेजारी मांडते. शेवटी लॅपटॉप कपाटात कुलूपबंद केला. रेशो (गुणोत्तरं) काढायला आता सॉफ्टवेअर आहे, त्यात हिचं कसलं करिअर होणार?’ असं ते विचारतात.

नमस्कार. मार्कांचं मागाहून बोलू, आधी कुलपाचं. तुमच्या पत्रात पुतण्याचं नाव सहा वेळा आलं. मुलीला काय हवंय, हे एकदाही नाही. फीसाठी तुम्ही ओव्हरटाइम करता, हे वाचून तुमची काळजी मला कळते. पण माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच मुलांना नेमकं काय आवडतं, हे शोधण्यातच महिने जातात. तुमच्या घरात एक मुलगी कुणी न सांगता दोन-दोनशे पानांचे अहवाल वाचते, आणि तुम्ही तिची वाटच बंद केलीत. मला याचा राग आला, लपवत नाही.

आता सॉफ्टवेअरचं. रेशो काढणं हे कौशल्य राहिलेलं नाही, इथपर्यंत तुमचं बरोबर आहे. २०२१ मध्ये कंपनी कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत बदल झाला. तेव्हापासून कंपन्या ठरावीक रेशो स्वतःच ताळेबंदाच्या टिपांमध्ये छापतात, आणि एखादा रेशो गेल्या वर्षापेक्षा २५ टक्क्यांहून जास्त हलला तर कारणही द्यावं लागतं. ते कारण पटण्याजोगं आहे का, हे वाचणाऱ्यानं ठरवायचं, आणि खरं काम तिथं सुरू होतं. कॉलेजात करंट रेशो, म्हणजे जवळच्या काळात रोख होणारी मालमत्ता (मालाचा साठाही त्यातच) भागिले जवळच्या काळात द्यायची देणी, २:१ असला की उत्तम, असं शिकवतात. आपल्याकडचीच एखादी वायनरी घ्या. द्राक्षं साधारण जानेवारी ते मार्चमध्ये येतात, टाक्या तेव्हाच भरतात, आणि ताळेबंद असतो ३१ मार्चचा. शिवाय काही वाईन मुरायला ठेवायची असते. मालाचा साठा फुगतो, रेशो देखणा दिसतो, हातात रोकड असेलच असं नाही. उलट रोखीनं विकून पुरवठादाराला महिन्यानं पैसे देणाऱ्या मोठ्या किराणा साखळीचा रेशो एकाच्या खाली गेला, तरी धंदा धडधाकट असू शकतो. हे दोन आकडे शेजारी ठेवून एकीला पास आणि दुसरीला नापास केलं, तर ती तुलनाच चुकली. दुसरं उदाहरण भाड्याच्या जागांवर चालणाऱ्या दुकानसाखळ्यांचं. १ एप्रिल २०१९ पासून इंड एएस ११६ हे हिशेबाचं नवं मानक लागू झालं आणि लांब मुदतीचे भाडेकरार ताळेबंदात देणी म्हणून दिसू लागले. नवं कर्ज एक रुपयाचं नसतानाही देणी वाढली. २०१८-१९ आणि २०१९-२० नुसतं शेजारी मांडणारा फसतो. टिपा वाचणारा फसत नाही, आणि तुमची मुलगी टिपा वाचते.

सीए, सीएमए, सीएफए, एमबीए फायनान्स हे सगळे रस्ते तुम्हाला माहीत आहेत, त्यांवर जागा घालवत नाही. मात्र बँकांच्या कर्ज विभागात आणि मुंबई-पुण्यातल्या पतमानांकन संस्थांत (कंपन्या कर्ज फेडतील का, याला दर्जा देणाऱ्या) हेच वाचन रोजचं काम असतं, आणि तिथं प्रत्येक टेबलावर सीएच लागतो असं नाही.

म्हणून सीए सोडा, असंही मी सांगणार नाही. प्रत्येक पेपरात किमान ४० लागतात. लॉ तिला कच्चा राहतोय, आणि तो तयारीचा प्रश्न आहे. पण तिसऱ्यांदा बसायचं की नाही, हे तिनं ठरवावं. तुम्ही नाही, तुमच्या पुतण्यानं तर नाहीच.

आज रात्री लॅपटॉप परत द्या. रविवारी जेवणं झाली की तिची ती वही मागून घ्या आणि एकाच धंद्यातल्या दोन कंपन्यांची पाच वर्षं तिच्याकडून समजून घ्या. मध्ये पुतण्याचा विषय काढू नका. नफा वाढतोय तर धंद्यातून आलेली रोकड का वाढत नाही, एवढा एकच प्रश्न विचारा आणि तिला बोलू द्या.

आणि पुढचं पत्र तिला लिहू दे. पाठवण्याआधी ते वाचू नका.