टाइल्सच्या बॉक्सवर मजुरी, न्हाणी ट्रॅपच्या चार हजेऱ्या आणि आणखी काही बिलं

या महिन्यात आलेली बरीच पत्रं एकाच तऱ्हेची होती: काम झालं, बिल आलं आणि मजुरीचा आकडा बघून डोळे पांढरे झाले. यातल्या बहुतेकांनी दर नीट ठरवला होता. पण तो दर कशावर लागणार, मापावर, नगावर की हजेरीवर (एका माणसाच्या एका दिवसाच्या मजुरीवर), आणि त्यात काय काय धरलं आहे, हे कोणी विचारलेलं नव्हतं.

प्रश्न : बाथरूम ७ फूट बाय ५ फूट. भिंतीला ७ फूट उंचीपर्यंत टाइल्स आणि खाली फरशी. फक्त लेबर, चौरस फुटाला ५५ रुपये ठरलं होतं. ठेकेदाराने २४० चौरस फुटांचं १३,२०० रुपयांचं बिल लावलं. आम्ही मोजलं तर एवढं भरत नाही. तो म्हणतो, माप बरोबर आहे. (वाचक, नाशिक)

उत्तर : तुमचं बरोबर आहे. चारही भिंतींचा घेर २४ फूट, उंची ७ फूट, म्हणजे १६८. अडीच फुटी दाराचे साडेसतरा वजा केले की उरतात १५०.५. जमिनीचे ३५ मिळवा. एकूण १८५.५ चौरस फूट, ५५ च्या दराने सुमारे १०,२०० रुपये. तफावत तीन हजारांची.

मग २४० आले कुठून? तुम्ही पत्रासोबत टाइल्सची पावती पाठवली आहे. तिच्यात भिंतीचे २० आणि जमिनीचे ४, असे २४ बॉक्स आहेत. ‘एक बॉक्स म्हणजे दहा फूट’ हा ठोकताळा लावला की बरोबर २४० होतात. पण ३०० बाय ४५० मिलिमीटरच्या सहा टाइल्सच्या बॉक्समध्ये ८.७ चौरस फूटच माल असतो. शिवाय विकत घेतलेल्या मालात कापाकापीची आणि तुटफुटीची ५ ते १० टक्के वाढ धरलेली असते आणि एखादा बॉक्स शिल्लकही राहतो. मजुरी भिंतीवर बसलेल्या टाइल्सच्या क्षेत्रफळावर असते, दुकानातून आणलेल्या मालावर नाही. त्याच्यासमोर टेप धरा, एकेका भिंतीचं माप कागदावर लिहा आणि खाली दोघांच्या सह्या घ्या. नुसतं ‘जास्त लावलंय’ म्हणून वाद घातला तर वादच चालू राहील. टेप लावला की तो पाच मिनिटांत मिटतो.

दार वजा करायची पद्धत नाही, असं काही जण सांगतात. ती गोष्ट प्लास्टरची आहे. आयएस १२०० या मोजमापाच्या मानकाप्रमाणे प्लास्टरमध्ये अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचा, म्हणजे साधारण साडेपाच चौरस फुटांचा, झरोका वजा करत नाहीत. त्याच्या बदल्यात कडांच्या प्लास्टरचे पैसेही वेगळे देत नाहीत. तुमचा एक्झॉस्ट फॅनचा झरोका असाच सोडून द्या, त्यावर भांडू नका. साडेसतरा फुटांचं दार मात्र त्यात बसत नाही.

ठेकेदाराच्या बाजूचंही बघा. दाराची ग्रॅनाइटची चौकट, उंबरठ्याची पट्टी, साबण-शाम्पूसाठी भिंतीत केलेला कोनाडा आणि कोपऱ्यावर ४५ अंशात घासून जुळवलेल्या टाइल्स ही कामं रनिंग फुटावर किंवा नगावर वेगळी लागतात आणि ते रास्त आहे. कोपऱ्याची टाइल मशिनवर घासताना किनार उडते, म्हणून तिथे वेळही जास्त जातो. असं काही केलं असेल तर त्याचा वेगळा हिशोब मागा. ते सगळं २४० मध्ये कोंबू देऊ नका.

प्रश्न : ठाण्यातला तिसऱ्या मजल्यावरचा जुना फ्लॅट. खाली गळती होती, म्हणून बाथरूम फोडून वॉटरप्रूफिंग आणि टाइल्स असं काम उक्तं दिलं. मध्येच ‘न्हाणी ट्रॅप आणि बिडाचा पाइप सडलाय’ म्हणून तो बदलला, आम्हाला नंतर कळवलं. आता चार हजेऱ्या, राबिट (तोडफोडीचा राडारोडा) उचलण्याची मजुरी आणि कोअर कटिंग (मशिनने स्लॅबला गोल भोक पाडणं) असे १४,५०० रुपये जादा मागतोय. उक्तं काम म्हणजे एकच रक्कम ना? (वाचक, ठाणे)

उत्तर : या बिलात तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत, त्यांचा निकाल वेगवेगळा लागतो.

आधी ट्रॅप (फरशीच्या जाळीखालचं सांडपाण्याचं भांडं) आणि पाइप. टाइल्स, कोबा आणि भराव काढेपर्यंत ट्रॅप दिसत नाही. जुन्या इमारतींत बिडाच्या पाइपचा सांधा आतून गंजून पोकळ झालेला असतो, वरून ठोकलं की सुटतो. ही खरोखर लपलेली बाब आहे. उक्त्यात ती स्पष्ट लिहिलेली नसेल तर जादा कामात धरली जाते. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७० प्रमाणे, फुकट करण्याचा इरादा नसताना कोणी कायदेशीरपणे तुमच्यासाठी काम केलं आणि त्याचा लाभ तुम्ही घेतला, तर त्याचा मोबदला द्यावा लागतो. पण मोबदला म्हणजे वाजवी मोबदला. त्याने मनाने लिहिलेला आकडा नव्हे. जुना सांधा कापणे, चार इंची पीव्हीसी पाइप जोडणे, ट्रॅप लेव्हलला बसवणे आणि भोवती न आकसणारं ग्राउट भरणे हे काम एक प्लंबर आणि एक हेल्पर एक ते दीड दिवसात करतात. चार हजेऱ्या म्हणजे दोन माणसं दोन दिवस. तीन हजेऱ्यांवर बोलणी आणा. आणि प्लंबरची हजेरी हेल्परलाही लावली आहे का, तेही बघा. सरसकट एकच दर लावणं ही नेहमीची चलाखी आहे.

राबिट. इथे ठेकेदाराची बाजू लंगडी आहे. ७ बाय ५ च्या बाथरूममध्ये ९ इंच खोल संक (खाली घेतलेला स्लॅब) असेल तर नुसता भरावच २६ घनफूट होतो. भिंतीच्या जुन्या टाइल्स आणि त्यामागचा मसाला साधारण १५ घनफूट. फोडल्यावर माल फुगतो, म्हणून सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत भरला तर पन्नास ते साठ गोण्या निघतात. रोज हेच काम करणाऱ्याला हे आधी माहीत नव्हतं, असं होत नाही. कोटेशनमध्ये ‘तोडफोडीसह’ असेल तर राबिट इमारतीच्या आवारात नेऊन ठेवणं त्यातच आलं. तिथून पुढे टेम्पोने राडारोडा टाकून येण्याचं भाडं मात्र वेगळं मागितलं जातं. लिहिलेलं नसेल तर अर्धं-अर्धं करून मोकळे व्हा.

कोअर कटिंगला आमचा साफ नकार. जुना पाइप स्लॅबमधून आधीच गेला होता, म्हणजे भोक होतंच. नवा ट्रॅप दुसऱ्या जागी घेतला असेल तरच कोअर मारावा लागतो, आणि मारला की मशिनमधून स्लॅबचा गोल, गुळगुळीत काँक्रीटचा ठोकळा निघतो. तो ठोकळा किंवा त्याचा फोटो मागा. छिन्नी-हातोड्याने भोक जरासं मोठं केलं असेल तर त्याला कोअर कटिंगचा दर लागत नाही.

शेवटचा हप्ता पाण्याची चाचणी झाल्याशिवाय देऊ नका. खरं तर ती टाइल्स लावण्यापूर्वी करायची असते. ट्रॅप बुचाने बंद करून दोन इंच पाणी भरायचं, पेन्सिलने रेघ मारायची आणि ४८ तास खालच्या घरातलं छत बघायचं. तुमच्याकडे ती झालेली दिसत नाही, तेव्हा आता टाइल्सवर तरी करून घ्या. उंबरठ्याच्या वर पाणी जाऊ देऊ नका.

पुढच्या वेळी कोटेशनखालीच ‘उघडल्यावर निघणाऱ्या’ कामांचे दर लिहून घ्या: एक ट्रॅप बदलायचा दर, पाइपचा रनिंग फुटाचा दर, एका कोअरचा दर, प्लंबर आणि हेल्पर यांची वेगवेगळी हजेरी. आणि एक ओळ: फोटो आणि रक्कम व्हॉट्सॲपवर पाठवून ‘हो’ आल्याशिवाय जादा काम सुरू करायचं नाही.

प्रश्न : पेंटर रोजंदारीवर लावला. चार दिवसांचं काम म्हणाला होता, नऊ दिवस झाले. सगळ्या हजेऱ्या द्यायच्या का? (वाचक, कोल्हापूर)

उत्तर : माणूस आला, काम केलं, तर हजेरी द्यावी लागते. रोजंदारीत चार दिवस हा अंदाज असतो, बोली नसते. तुम्ही रंग किंवा पुट्टी वेळेवर आणून दिली नाही म्हणून तो बसून राहिला असेल तर तीही हजेरी तुमच्या माथी. मात्र पुट्टीचा पहिला हात वाळेपर्यंत दुसरा देता येत नाही. त्याने जोडीला आणखी एक जण आणला असेल आणि त्या वेळात दोघेही नुसतेच बसले असतील तर दुसऱ्या माणसाची गरज काय होती, हे विचारा. यापुढे एक खोली रोजंदारीवर करून बघा आणि तिच्या मापावरून बाकीचं उक्तं द्या. रोजची हजेरी कॅलेंडरवर लिहून संध्याकाळी त्याची सही घेतली तरी निम्मी कटकट टळते.

प्रश्न : एसीच्या कॉम्प्रेसरला दहा वर्षांची वॉरंटी आहे. कंपनीने तो फुकट बदलून दिला, पण गॅस, ब्रेझिंग (नळ्यांचे सांधे झाळणं) आणि लेबर म्हणून ५,२०० घेतले. ही फसवणूक नाही का? (वाचक, अंधेरी)

उत्तर : बहुधा नाही. लांब मुदतीची वॉरंटी सहसा फक्त त्या भागाची असते. पहिल्या वर्षानंतरची मजुरी, गॅस आणि येण्याजाण्याचा खर्च ग्राहकाकडे, हे वॉरंटी कार्डावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. कार्ड काढून तेवढी ओळ वाचा. तिथे मजुरी वगळलेली नसेल तर पैसे परत मागा.

त्यापेक्षा महत्त्वाचं, ५,२०० मध्ये काम पूर्ण झालं का, हे तपासा. कॉम्प्रेसर बदलताना नळ्या कापून पुन्हा ब्रेझिंग करतात आणि फिल्टर ड्रायर नवा टाकतात. मग नायट्रोजन भरून दाब टिकतो का ते बघतात, व्हॅक्यूम पंप किमान अर्धा तास चालवतात आणि शेवटी गॅस वजनावर भरतात. किती भरायचा ते आउटडोअर युनिटच्या प्लेटवर ग्रॅममध्ये किंवा किलोत छापलेलं असतं. सिलिंडर आधी आणि नंतर काट्यावर ठेवायला सांगा. फरक प्लेटवरच्या आकड्याशी जुळला पाहिजे, पाइप जास्त लांब असेल तर थोडा अधिक. व्हॅक्यूम न करता गॅसनेच हवा ढकलून काढणारे बरेच आहेत. आत ओल राहते आणि नवा कॉम्प्रेसरही लवकर जातो.

बिलात ‘गॅस चार्जिंग’ आणि ‘गॅस’ अशा दोन ओळी असतील तर एकाच कामाचे दोनदा पैसे लागले नाहीत ना, ते विचारा. दरवर्षी ‘थोडा गॅस कमी झालाय’ म्हणून टॉप-अपचे पैसे घेणाऱ्याला तर दारातूनच परत पाठवा. एसीतला गॅस वापरून संपत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी लीक आहे. आधी नळ्यांच्या सांध्यावरच्या फ्लेअर नटांवर आणि कॉइलच्या वळणांवर साबणाचा फेस लावून लीक शोधायचं, मग गॅस.

प्रश्न : पाण्याचा मोनोब्लॉक पंप वाइंडिंगला टाकला. फोनवर २,२०० सांगितले, आता ३,८०० मागतो आणि पैसे दिल्याशिवाय पंप देत नाही. पंप अडवून ठेवता येतो का? (वाचक, सांगली)

उत्तर : येतो. करार कायद्याच्या कलम १७० प्रमाणे, दुरुस्तीसाठी दिलेल्या वस्तूवर ज्याने मेहनत केली त्याला मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू ठेवून घेता येते, वेगळं काही ठरलेलं नसेल तर. पण हा हक्क वाजवी किंवा ठरलेल्या रकमेपुरता. १,६०० कशाचे वाढले, ते लिहून मागा. बेअरिंग बदलले म्हणत असेल तर जुने दाखवायला सांगा, त्यांच्यावर नंबर असतो, ६२०२, ६२०३ असा. तसंच मेकॅनिकल सील आणि कपॅसिटर. जुन्या वाइंडिंगचं तांबं कुठे गेलं, तेही विचारा. ते तुमचं आहे. भंगाराच्या भावाने त्याचे पैसे बिलातून वजा व्हायला हवेत, आणि नेमकी याच ठिकाणी बहुतेक दुकानदार गप्प बसतात.

घरात पाणी नाही आणि थांबता येत नाही, अशी अडचण असेल तर पैसे यूपीआयने भरा, पावतीवर ‘जादा रक्कम हरकत नोंदवून दिली’ असं लिहा आणि पंप घेऊन या. भांडण नंतर करता येतं.

अडवून ठेवण्याची ही सवलत फक्त दुकानात नेलेल्या वस्तूला. घरात बसवलेल्या टाइल्स किंवा नळ ‘पैसे नाही दिले तर उखडून नेईन’ असं कोणी म्हणालं, तर तसा हक्क कोणालाही नाही.

प्रश्न : बिलाच्या शेवटी हाताने ‘जीएसटी १८ टक्के’ लिहिलंय. तो द्यायचा का? (वाचक, पुणे)

उत्तर : बिलावर १५ अक्षरी जीएसटी क्रमांक आहे का? महाराष्ट्रातला असेल तर तो २७ ने सुरू होतो. जीएसटीच्या पोर्टलवर टाकून बघा, नाव जुळलं पाहिजे. नोंदणी नसलेल्याला कर गोळा करताच येत नाही, आणि कंपोझिशन योजनेतल्यालाही (छोट्या व्यावसायिकांची सोपी कर योजना) तो ग्राहकाकडून वेगळा घेता येत नाही. क्रमांक नाही, तर ती ओळ खोडून उरलेले पैसे द्या.

प्रश्न : ठेकेदार ऐकतच नाही. सहा हजारांसाठी कोर्टात जावं का? (बऱ्याच वाचकांचा प्रश्न)

उत्तर : आधी स्पीड पोस्टाने पत्र पाठवा: काय ठरलं, काय झालं, माप किती, किती रक्कम मान्य आणि किती अमान्य. पंधरा दिवसांची मुदत द्या. मान्य रक्कम मात्र अडवू नका, लगेच द्या, नाहीतर तुमचीच बाजू पडते. पुढे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तुम्ही राहता तिथल्या आयोगात तक्रार करता येते, वकील सक्तीचा नाही आणि दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत दोन वर्षांची. मागूनही बिल न देणं, ही सुद्धा या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे.

एक अडचण लक्षात ठेवा. तुमच्याच देखरेखीखाली रोजंदारीवर राबलेल्या गवंड्याविरुद्ध तक्रार नेलीत, तर ‘ही व्यक्तिगत सेवेची नोकरी होती’ असा आक्षेप येऊ शकतो आणि अशी सेवा या कायद्यातून वगळलेली आहे. ठेकेदाराने अंगावर घेतलेल्या कामाला तो आक्षेप चालत नाही. म्हणून तक्रारीला उक्त्याचं कोटेशन, व्हॉट्सॲपवरचा संवाद, यूपीआयच्या नोंदी आणि दोघांच्या सहीचा मोजमापाचा कागद जोडा. कोटेशन तोंडीच असेल तर ‘इतक्याला ठरलं होतं’ असा एक मेसेज त्याला आजच पाठवून ठेवा.