जुना पीसी, रास्पबेरी पाय की मिनी पीसी? घरच्या मीडिया सर्व्हरबद्दल तुमचे प्रश्न

प्रश्न: चौथ्या पिढीचा आय५ आणि ८ जीबी रॅमवाला डेस्कटॉप घरात धूळ खात पडलाय. त्यावर जेलीफिन टाकून टीव्हीवर पिक्चर बघता येतील का, की नवीन मशीन घेऊ?

येतील की. जेलीफिन म्हणजे घरच्या डिस्कवरचे पिक्चर टीव्ही-फोनवर पाठवणारं फुकट सॉफ्टवेअर, ज्या मशीनवर ते टाकाल तो तुमचा मीडिया सर्व्हर. पण आधी हे बघा की तुमचा टीव्ही ती फाइल जशीच्या तशी चालवतो का. चालवत असेल तर सर्व्हरला फक्त डिस्कवरची फाइल उचलून पाठवायची असते, त्याला हा आय५ जास्तच झाला. घोडं अडतं ते ट्रान्सकोडिंगला, म्हणजे टीव्हीला किंवा फोनला फाइल झेपत नाही म्हणून सर्व्हर ती चालू असतानाच दुसऱ्या फॉरमॅटमध्ये बदलून देतो तेव्हा. तुमच्या चिपमधलं क्विक सिंक, म्हणजे व्हिडिओच्या कामासाठीचा इंटेलचा खास भाग, एच.२६४ हा जुना व्हिडिओ फॉरमॅट आरामात करतं पण एचईव्हीसी या नव्या फॉरमॅटचं डिकोडिंग (फाइल उलगडणं) त्यात नाही, सगळा भार सीपीयूवर येतो आणि फाइल फोरके असेल तर विसराच. १० बिट (जास्त रंगछटांच्या) एचईव्हीसीसाठी इंटेलची किमान सातवी पिढी लागते.

पिक्चर चालू असताना जेलीफिनचा डॅशबोर्ड उघडा, डायरेक्ट प्ले (फाइल जशीच्या तशी) चाललंय की ट्रान्सकोड ते तिथे दिसतं आणि ट्रान्सकोड असेल तर कारणसुद्धा. ते बघितल्याशिवाय खिशात हात घालू नका. फक्त वीजबिलाचा हिशोब करा, डेस्कटॉप सरासरी ६० वॅट खातो धरलं तर २४ तास चालू ठेवून महिन्याला ४३ युनिट, आणि १० वॅटवर चालणारा मिनी पीसी साधारण ७ युनिट. नवीन घ्यायचंच असेल तर इंटेलच्या एन१०० चिपवाला मिनी पीसी घ्या, घरापुरतं ट्रान्सकोडिंग तो मस्त करतो.

प्रश्न: दादा, रास्पबेरी पाय ५ घेतोय, ४ पेक्षा फास्ट आहे ना? प्लेक्स सर्व्हर आणि कोडी दोन्ही त्यावरच चालवायचंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, रास्पबेरी पाय म्हणजे एकाच छोट्या बोर्डावरचा कॉम्प्युटर, प्लेक्स हे जेलीफिनसारखंच सर्व्हर सॉफ्टवेअर आणि कोडी हा टीव्हीला जोडलेल्या मशीनवर पिक्चर चालवणारा प्लेयर. पाय ५ फास्ट आहे, पण गंमत अशी की पाय ४ मध्ये एच.२६४ चा हार्डवेअर डिकोडर होता तो ५ मध्ये काढून टाकलाय, एचईव्हीसीचा तेवढा ठेवलाय. घाबरू नका, १०८०पी चं एच.२६४ त्याचा सीपीयू सहज ओढतो. टीव्हीला जोडून लिब्रेइलेक (फक्त कोडी चालवण्यासाठीची छोटी ऑपरेटिंग सिस्टिम) टाका आणि कोडी चालवा, झकास चालतं, टीव्हीच्याच रिमोटने सगळं होतं. सर्व्हर म्हणून मात्र डायरेक्ट प्लेपुरताच वापरा, कारण हार्डवेअर व्हिडिओ एन्कोडर (व्हिडिओ नव्या फॉरमॅटमध्ये बांधणारा भाग) त्यात नाहीच. आणि प्लेक्सवर हार्डवेअर ट्रान्सकोडिंगला पैसे भरून प्लेक्स पास लागतो, जेलीफिनवर ते फुकट आहे.

प्रश्न: फोरके फाइल दर दोन मिनिटांनी अडकते. टीव्हीला लॅन केबल लावली तरी तेच. सर्व्हर बदलू का?

थांबा! खूप टीव्हींचा लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचाच (सेकंदाला १०० मेगाबिट) असतो, महागड्या टीव्हींचासुद्धा. फोरके ब्लू-रेवरून जशीच्या तशी घेतलेली फाइल सरासरी ८० एमबीपीएसची असली तरी मारामारीच्या सीनला १०० च्या वर उडी मारते आणि तिथेच चाक फिरायला लागतं. केबल काढून ५ गिगाहर्ट्झ वायफायवर बघा, राउटर त्याच खोलीत असेल तर बऱ्याचदा केबलपेक्षा बरं चालतं, ऐकायला उलटं वाटेल पण खरंय. सर्व्हरला मात्र गिगाबिट केबलच हवी.

प्रश्न: पिक्चर नीट चालतो, सबटायटल लावले की सर्व्हरचा पंखा बोंबलायला लागतो. असं का?

ब्लू-रेचे सबटायटल म्हणजे अक्षरं नसतात, चित्रं असतात. टीव्हीच्या ॲपला ती दाखवता आली नाहीत की सर्व्हर ती व्हिडिओवर छापत बसतो, म्हणजे पूर्ण व्हिडिओ पुन्हा एन्कोड करतो. एसआरटी फाइल (साध्या अक्षरांतले सबटायटल) मिळवून पिक्चरच्या शेजारी ठेवा, नाव पिक्चरच्या फाइलचंच द्या. ऑडिओच तेवढा बदलावा लागत असेल, उदाहरणार्थ टीव्हीला डीटीएस हा ऑडिओ फॉरमॅट चालत नाही, तर काळजी नको, ते काम हलकं असतं.

प्रश्न: रॅम आणि डिस्क किती घेऊ?

रॅम ८ जीबी बास. सॉफ्टवेअर आणि पोस्टर-थंबनेलचा डेटाबेस छोट्या एसएसडीवर टाका, नाहीतर लायब्ररी स्क्रोल करताना जीव जातो, पिक्चर साध्या हार्ड डिस्कवर चालतात. ८० एमबीपीएसचा दोन तासांचा पिक्चर ७२ जीबी खातो, त्यावरून तुमचं तुम्हीच ठरवा. पायला यूएसबीवरची डिस्क लावणार असाल तर स्वतःचा ॲडाप्टर असलेलीच घ्या, आणि लाइट सारखी जात असेल तर डिस्कसकट सगळं यूपीएसवर ठेवा.