पाणी तपासून पोट भरतं का? मुंबईतल्या एका मायक्रोबायोलॉजिस्टचं उत्तर

तुझा प्रश्न असा आहे: मुंबईत टी.वाय.बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजीला आहेस, पाण्याच्या तपासणीत काम करावंसं वाटतं. घरचे म्हणतात, डीएमएलटी (मेडिकल लॅबचा डिप्लोमा) करून हॉस्पिटलात लाग, पाणी तपासून कोणाचं पोट भरलंय?

भरतं गं. गेली सोळा वर्षं माझं भरतंय आणि घराचा हप्ताही त्यातूनच जातो. तू लहान आहेस म्हणून 'तू' म्हणते, राग मानू नकोस. नोकऱ्या कुठे आहेत ते सांगतेच, पण त्याआधी एका पहाटेची गोष्ट सांगू दे. हे काम नेमकं काय आहे ते मला त्या पहाटे कळलं.

माझी आत्या लालबागला चाळीत राहते. एका पावसाळ्यात तिच्या मजल्यावरच्या चार पोरांना एकाच आठवड्यात जुलाब लागले. पाण्याला वास नव्हता, रंग नव्हता. चाळ कमिटीने आधी एकदा सॅम्पल तपासून घेतलं होतं आणि रिपोर्टवर 'पिण्यास योग्य' आलं होतं. आत्या मला म्हणाली, "तू एवढी शिकलीस, तूच बघ." तिच्याकडे पाणी पहाटे साडेचारला येतं. म्हणून मी आदल्या रात्रीच मुक्कामाला गेले. बरोबर बर्फाची पेटी, निर्जंतुक केलेल्या बाटल्या, क्लोरीन तपासायचा डीपीडीचा डबा आणि स्पिरिटचा बोळा होता.

पुस्तकात लिहिलंय की नळाला बांधलेलं फडकं काढा, तोटी स्पिरिटने पुसा किंवा जाळून घ्या, दोन-तीन मिनिटं पाणी वाहू द्या आणि मग बाटली भरा. आधीच्या माणसाने तसंच केलं असणार, त्यात त्याची चूक नव्हती. मी तोटी पुसली, पण पाणी वाहू दिलं नाही. नळ फुरफुरला आणि पहिलं पाणी आलं तेवढ्यातच एक बाटली भरली. शेजारच्या नळीत तेच पाणी घेऊन डीपीडीची गोळी टाकली. गुलाबी रंग यायला हवा होता. पाणी जसंच्या तसं राहिलं. म्हणजे अवशिष्ट, पाण्यात शिल्लक राहिलेलं, क्लोरीन शून्य. तोवर मागे बायकांची कळशा घेऊन रांग लागली होती आणि त्यांना माझा रागही येत होता. वीस मिनिटांनी त्याच नळाचं दुसरं सॅम्पल घेतलं. आता गोळी टाकताच पाणी फिकट गुलाबी झालं.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये इन्क्युबेटर, म्हणजे सॅम्पल ठरावीक उबेत ठेवायची पेटी, उघडला. पहिल्या बाटलीच्या सगळ्या नळ्यांमधला जांभळा मॅकॉन्की ब्रॉथ (जंतू वाढवायचं द्रावण) पिवळा पडला होता आणि आतल्या उलट्या डरहॅम नळीत वायूचा बुडबुडा चढला होता. दुसऱ्या बाटलीच्या नळ्या जांभळ्याच्या जांभळ्या. पुढच्या चाचणीत पहिल्या सॅम्पलमध्ये ई-कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारा जंतू, पक्का झाला. नळ एकच होता, मध्ये फक्त वीस मिनिटं गेली होती आणि रिपोर्ट मात्र दोन निघाले.

कारण तुला मुंबईत राहून अंदाजाने कळेल. आपल्याकडे बहुतेक भागांत पाणी ठरावीक तासच येतं. पुरवठा बंद असताना पाइपातला दाब उतरतो. त्यात कोणी मोटर लावून ओढलं तर पाइप उलट बाहेरचं आत खेचतो. चाळीची जुनी जोडणी गटारातून गेली होती आणि एका सांध्याजवळ गंजून तिची चाळण झाली होती. रात्रभर त्यातून थोडं थोडं गटाराचं पाणी आत यायचं आणि पहाटेच्या पहिल्या काही कळशांत उतरायचं. नंतर मुख्य पाइपातलं क्लोरीनचं पाणी आलं की सगळं स्वच्छ. पोरं आजारी पडली होती त्या घरांचा नंबर रांगेत पहिला असायचा. प्लंबरने जोडणी गटाराच्या वर उचलून नवीन पाइप टाकला. पंधरा दिवसांनी मी पुन्हा पहाटे जाऊन पहिलं पाणी घेतलं, तेव्हा गोळी गुलाबी झाली.

म्हणून माझं पहिलं सांगणं हे की मशिनच्या मागे लागण्याआधी सॅम्पल घ्यायला शीक. लॅबमध्ये लाखोंची यंत्रं असतात, पण बाटलीत जे आलंय त्यापलीकडचं ती काही सांगू शकत नाहीत. नवीन पोरांना सॅम्पलिंग म्हणजे शिपायाचं काम वाटतं. ते उन्हातान्हाचं, लोकलच्या गर्दीत पेटी सांभाळायचं काम आहे, हे खरं. पण बाटलीत सोडियम थायोसल्फेट का घालतात ते ज्याला कळलं, त्याला अर्धा विषय कळला. ते पाण्यातलं क्लोरीन निष्प्रभ करतं. ते नसेल तर क्लोरीन प्रवासातही जंतू मारत राहतं आणि नळाशी होता तो दोष लॅबपर्यंत पुसला जातो. याच कारणाने क्लोरीन त्या बाटलीतून मोजता येत नाही, ते जागेवरच वेगळं मोजावं लागतं. बाटली गळ्यापर्यंत भरायची नाही, हलवायला जागा ठेवायची. झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावायचं नाही. बर्फात ठेवून शक्य तितक्या लवकर पोचवायची, चोवीस तासांच्या आत चाचणी लागलीच पाहिजे.

आता कामं कुठे आहेत ते.

मुंबईला रोज साधारण ३,८५० दशलक्ष लिटर पाणी पुरवलं जातं, ते सात तलावांतून येतं. विहार आणि तुळशी शहराच्या हद्दीत आहेत, बाकीचे पाच ठाणे, पालघर, नाशिककडचे. विहारचं पाणी १८६० मध्ये शहरात आलं. भांडुप आणि पांजरापूरच्या शुद्धीकरण केंद्रांत गढूळपणा, पीएच, क्लोरीन सतत पाहावं लागतं. शिवाय वॉर्डावॉर्डांतून रोज नमुने घेतले जातात आणि पालिकेच्या दादरच्या प्रयोगशाळेत तपासले जातात. पालिकेच्या जागा वरचेवर निघत नाहीत, त्यामुळे जाहिरातीवर डोळा ठेव, पण तिच्यावर विसंबून घरी बसू नकोस.

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ ही दुसरी मोठी जागा. तिथे नळाचं पाणी नसतं, नद्या, खाड्या आणि कारखान्यांचं सांडपाणी असतं. त्यांची मध्यवर्ती प्रयोगशाळा नवी मुंबईत महापेला आहे. या कामाला कायद्याची धार आहे. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याप्रमाणे कारखान्याचं सॅम्पल घेताना नोटीस द्यावी लागते आणि कारखान्याचा माणूस समोर असेल तर सॅम्पलचे दोन भाग करून, सील करून दोघांच्या सह्या घ्याव्या लागतात. यात चूक झाली तर पाणी कितीही काळं असलं तरी कोर्टात तो पुरावा टिकत नाही. रसायनशास्त्रवाल्यांना इथे जास्त वाव आहे. बीओडी आणि सीओडी (पाण्यातली घाण कुजायला किंवा रसायनाने जाळायला किती ऑक्सिजन लागतो त्याची मापं), जड धातू हे सगळं त्यांचं राज्य. पण तू मायक्रोची असलीस तरी टायट्रेशनला (थेंबाथेंबाने द्रावण घालून प्रमाण मोजायला) हात बसवून ठेव. बीओडी आपल्याकडे सत्तावीस अंशांवर तीन दिवस लावतात, परदेशी पुस्तकात वीस अंशांवर पाच दिवस असतं. मुलाखतीत हा फरक हमखास विचारतात.

खरी भरती खासगी लॅबमध्ये होते. ठाणे-बेलापूर पट्टा, अंधेरी, ठाणे, तळोजा इथे बऱ्याच आहेत. सोसायट्यांच्या टाक्या, हॉटेलं, पोहण्याचे तलाव, बाटलीबंद पाण्याचे कारखाने, बोअरवेल, टँकर, सगळ्यांचं पाणी तिथे येतं. सुरुवातीचा पगार कमी असतो, हे मी लपवणार नाही. आयटीत गेलेल्या मैत्रिणीशी पहिली तीन वर्षं तुलना करू नकोस. पण रिपोर्टवर सही करायचा अधिकार मिळाला की चित्र बदलतं. एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या लॅबमध्ये ही सही कोणालाही करता येत नाही, त्या माणसाचं शिक्षण, अनुभव आणि समज ऑडिटर समोर बसवून तपासतो. त्या सहीपर्यंत पोचायला एम.एस्सी. आणि काही वर्षांचं बेंचवरचं काम उपयोगी पडतं. आयएसओ १७०२५, म्हणजे प्रयोगशाळांसाठीचं आंतरराष्ट्रीय मानक, त्याचा इंटर्नल ऑडिटरचा कोर्स नोकरी करता करता करून टाक.

हॉस्पिटलात लाग म्हणणाऱ्या घरच्यांना एक गोष्ट जरूर सांग. डायलिसिसच्या एका बैठकीत पेशंटच्या रक्ताचा साधारण १२० लिटर पाण्याशी संबंध येतो, मध्ये फक्त एक पातळ पडदा असतो. ते पाणी कोणीतरी तपासावं लागतं. त्यातले जंतू, त्यांचं एंडोटॉक्सिन (जंतूंच्या आवरणातलं विष) आणि उरलेलं क्लोरीन, सगळंच. औषध कंपन्यांतही पाण्याची तपासणी सतत चालते आणि मायक्रोबायोलॉजीच्या मुलींना तिथे पगार चांगला मिळतो. संशोधनाची आवड असेल तर वरळीला नीरीचं (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) केंद्र आहे, समुद्राच्या पाण्यासाठी अंधेरीला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं. आयआयटी पवईत पर्यावरणशास्त्राचा विभाग आहे, तिथे पुढचं शिक्षण घेता येईल.

मुंबईबाहेर जायची तयारी असेल तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्ह्याजिल्ह्यांतल्या प्रयोगशाळा बघ. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या बायकांना फील्ड किटने पाणी तपासायला शिकवतात. मी एकदा पालघरकडच्या गावात असं शिकवायला गेले होते. एका ताईंनी आपल्याच विहिरीच्या पाण्यात जंतू असल्याचं बाटली काळी पडताना पाहिलं आणि कोणी न सांगता दुसऱ्या दिवशी विहिरीवर ब्लीचिंग पावडर टाकायला माणसं गोळा केली. माझ्या कुठल्याही छापील रिपोर्टने एवढ्या लवकर कोणाला हलवलेलं नाही.

अभ्यासाचं म्हणशील तर पिण्याच्या पाण्याचं मानक, आयएस १०५००, नीट वाच. पाठ करू नकोस, प्रत्येक आकड्याला 'का' विचार. (हे आकडे लिटरमागे मिलिग्रॅमचे.) नायट्रेटला ४५ च्या वर सूट का नाही? फ्लोराइड १ पर्यंत ठीक, १.५ च्या पुढे का नको? टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, ५०० पर्यंत बरं आणि दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत चालतं, मग मुंबईच्या तलावाच्या गोड्या पाण्याला घरोघरी आरओ कशाला? क्लोरीन किमान ०.२ हवंच, का? ई-कोलाय १०० मिलिलिटरमध्ये एकही का चालत नाही? ही उत्तरं आली की सोसायटीच्या सेक्रेटरीला रिपोर्ट मराठीत समजावता येईल. हे कौशल्य फार कमी जणांकडे आहे, आणि आकडे छापून हातात दिलेल्या रिपोर्टने घाबरलेल्या माणसाला त्याचीच गरज असते.

आता एक कडू गोष्ट. माझी पहिली नोकरी एका छोट्या खासगी लॅबमध्ये होती. एका शनिवारी रात्री वीज गेली, इन्क्युबेटर बंद पडला आणि सोमवारी सकाळी बघते तर आतलं तापमान खोलीएवढंच. चाळीसच्या आसपास सॅम्पल आत होती, त्यात एका शाळेच्या टाकीचं पाणीही होतं. सीनियर म्हणाले, "सगळ्यांना 'आढळले नाही' लिही, पार्टी थांबलीये." मी रजिस्टरमध्ये 'चाचणी रद्द, सॅम्पल पुन्हा घ्यावे' असं लिहिलं. त्या दिवशी मला केबिनमध्ये उभं करून बरंच ऐकवलं आणि पान बदलून घेतलं. महिन्याभरात मी नोकरी सोडली. ती शाळा मला आजही आठवते, त्या टाकीत काय होतं ते कधीच कोणाला कळलं नाही. वाईट पाणी लोकांना कधीकधी वासाने तरी कळतं. खोट्या रिपोर्टवर मात्र ते निर्धास्त पाणी पितात.

तेव्हा मुलाखतीला जाशील तेव्हा पगाराआधी त्यांनाच एक प्रश्न विचार: "तुमच्याकडे नाकारलेल्या सॅम्पलची नोंदवही आहे का?" बर्फाशिवाय आलेली, उशिरा आलेली, गळकी बाटली, बंद पडलेला इन्क्युबेटर, असं प्रत्येक लॅबमध्ये महिन्याला काही ना काही घडतंच. नोंदवही दाखवली आणि तिची पानं भरलेली असली, तर पगार थोडा कमी असला तरी तिथे रुजू हो. आमच्याकडे सॅम्पल कधीच नाकारावं लागत नाही असं कोणी अभिमानाने सांगितलं, तर आभार मानून उठ आणि परतीची लोकल पकड.