नवरा मॅचला, घर रिकामं: तीन वर्षांचं सिक्युरिटी कॉन्ट्रॅक्ट घ्यावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुमचे मिस्टर एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये खेळतात, पगार वर्षाला ११ लाख डॉलर, कॉन्ट्रॅक्टचं एकच वर्ष उरलंय, आणि टीममधल्या एकाचं घर फुटल्यापासून तुम्हाला धड झोप नाही. सिक्युरिटी कंपनीचं कोटेशन आलंय, सिस्टीमचे ६० हजार डॉलर, वर रोज रात्री १० ते ६ गार्ड, महिना १२ हजार, तीन वर्षं बांधून घेणार. आणि हे पैसे रिटायरमेंट अकाउंटमधून काढू का?

नाही. सही करू नका आणि त्या अकाउंटला तर हातच लावू नका, वयाच्या साडेएकोणसाठच्या आधी काढलं की बहुतेक वेळा टॅक्स लागतो आणि वर १० टक्के दंडही.

भीती खोटी आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये. ऑक्टोबर २०२४ मध्ये एनएफएलचेच पॅट्रिक माहोम्स आणि ट्रॅव्हिस केल्सी यांची घरं लागोपाठ दोन दिवसांत फुटली, नोव्हेंबरात बास्केटबॉलवाला बॉबी पोर्टिस, डिसेंबरात एनएफएलचाच जो बरो डॅलसला मॅच खेळत असताना त्याचं घर. एफबीआयने लीग्जना सावध केलं की या साउथ अमेरिकेतून आलेल्या टोळ्या आहेत, आधी घरावर पाळत ठेवतात, सोशल मीडिया बघतात, वायफायचा सिग्नल बंद पाडणारे जॅमर घेऊन येतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये चिलीच्या ७ जणांवर फ्लोरिडात फेडरल केस झाली, माल २० लाख डॉलरच्या वर, त्यातला जवळपास १५ लाखांचा तर एकट्या पोर्टिसच्या घरातला.

पण आता तारखांकडे जरा नीट बघा, कारण कोटेशन तिथेच फसतंय. केल्सी आणि पोर्टिस दोघंही त्या दिवशी आपल्याच गावात खेळत होते, म्हणजे फक्त बाहेरगावच्या मॅचला धोका असतो हा समज चुकीचा आहे, आणि बरोच्या घरातून पोलिसांना फोन गेला तो रात्री आठच्या सुमारास, तुमचा गार्ड १० ला येणार! चोर शेड्यूल बघून येतात, ते शेड्यूल सगळ्या जगाला माहितीये, मग आपण बिनमॅचच्या दिवसांचे पैसे का भरायचे?

हिशोब करू. कोटेशनप्रमाणे तीन वर्षांचे ४ लाख ९२ हजार होतात. फेडरल टॅक्स, स्टेट टॅक्स, एजंटचं ३ टक्क्यांपर्यंतचं कमिशन जाऊन हातात निम्म्याच्या आसपास येत असतील, म्हणजे जवळपास अख्ख्या वर्षाची कमाई गेली, आणि तीही एका वर्षाच्या नोकरीवर तीन वर्षांचं देणं करून. यातला एक डॉलरही टॅक्समध्ये वजा मिळणार नाही, घराची सिक्युरिटी हा घरखर्च धरतात.

त्याऐवजी गार्ड मॅचपुरताच घ्या. त्यांचाच रेट काढला तर तासाला ५० डॉलर पडतो. सीझनच्या १७ मॅचेस, समजा ८ बाहेरच्या, प्रत्येकीला ३६ तास, घरच्या ९ ना १० तास, मिळून ३७८ तास, १८,९०० डॉलर. तुटक काम म्हणून ते रेट वाढवतील, दीडपट धरा, तरी २८ हजारांच्या आसपास. गार्डचे वर्षाचे १ लाख ४४ हजार कुठे आणि हे कुठे. सीझनच्या आधीच्या (प्रीसीझन) किंवा नंतरच्या बाद फेरीच्या (प्लेऑफ) मॅचेस असतील तर तेवढे दिवस वाढवा.

६० हजारांची सिस्टीमही कापता येईल. मला त्यात वायर टाकलेले कॅमेरे, घरातच रेकॉर्डिंग, मागच्या बाजूचे दिवे आणि वरच्या मजल्याच्या खिडक्यांना सेन्सर एवढंच हवंय, जॅमरपुढे नुसत्या वायफायच्या कॅमेऱ्यांचा काय उपयोग? बाकी टचस्क्रीन, ॲप वगैरे सोडून द्या.

आता ७० हजारांची घड्याळं, जी तुम्ही म्हणता कपाटात असतात. तुमची होम पॉलिसी काढून बघा, साध्या पॉलिसीत दागिने-घड्याळं चोरीला गेली तर बऱ्याचदा सगळी मिळून १,५०० डॉलरच मिळतात. त्यांची व्हॅल्युएशन करून एकेक वस्तू पॉलिसीत नावानिशी टाका, साधारण किमतीच्या १ ते २ टक्के, म्हणजे वर्षाला ७०० ते १,४०० डॉलर. सीझनभर बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलीत तर प्रीमियम कमीही होऊ शकतो, पण लॉकर आहे म्हणून इन्शुरन्स नको असं करू नका, बँकेतल्या ठेवींना एफडीआयसीचं जे सरकारी विमा संरक्षण असतं ते लॉकरमधल्या वस्तूंना नसतं. चोरीचं नुकसान टॅक्समध्ये दाखवू असंही कुणी सुचवेल, घरगुती चोरीला ती सवलत २०१८ पासून बंद आहे.

आणि मिस्टरांना सांगा घड्याळाचे फोटो टाकणं बंद, याला एक पैसा लागत नाही (हे ऐकवणं गार्ड ठेवण्यापेक्षा अवघड जाईल बहुतेक).

एका ठिकाणी मात्र मी कंजुषी करणार नाही. तुम्ही लिहिलंय की आई भारतातून आल्यात आणि मॅचच्या दिवशी त्या बाळाला घेऊन घरी थांबतात. ऑक्टोबर २०२४ मध्येच बेन स्टोक्स पाकिस्तान दौऱ्यावर असताना इंग्लंडमधल्या त्याच्या घरात तोंड झाकलेले चोर शिरले तेव्हा बायको आणि दोन्ही मुलं आत होती. कुणाला इजा झाली नाही, पण असल्या गोष्टीची भरपाई कुठल्या पॉलिसीत बसते? त्यामुळे एका बेडरूमला भक्कम दार, आतून कडी, तिथे पॅनिक बटण आणि चार्ज केलेला फोन, हे या आठवड्यात करा, आणि आईंना ते एकदा प्रत्यक्ष दाबून दाखवा. कोणी शिरलं तर बाहेर येऊन बघायचं नाही, बाळाला घेऊन आत जायचं, हेही.

घर तुमच्या नावावर आहे म्हणजे पत्ता सरकारी रेकॉर्डमध्ये कुणालाही सापडतो. पुढचं घर ट्रस्टच्या नावाने घ्या. हे घर आत्ता घाईने एलएलसीत, म्हणजे स्वतःच्या छोट्या कंपनीच्या नावावर टाकू नका, लोन चालू आहे, बँक सगळं कर्ज एकदम मागू शकते, आधी वकिलाला विचारा.

कंपनीला एवढंच कळवा की सिस्टीम विकत हवी आणि गार्ड मॅचप्रमाणे, कॉन्ट्रॅक्ट महिन्या-महिन्याचं. नाही म्हणाले तर दुसऱ्या दोघांकडून कोटेशन घ्या. अलार्मसाठी इन्शुरन्समध्ये डिस्काउंट मिळतो तोही मागा, फक्त अलार्म चालू ठेवायची अट पॉलिसीत काय लिहिलीये ते वाचून घ्या, कारण बंद अलार्मवर क्लेम अडकू शकतो.