पिवळ्या फुलाचं तण आधी नीट ओळख

भाऊ, तू टाकलेला वावरातल्या तणाचा फोटो पाहिला, पण नुसत्या पिवळ्या फुलावरून मोहरीच्या जातीचं तण ठरवू नको. आधी फूल जवळून पाय, चार पाकळ्या अधिकच्या चिन्हासारख्या आणि आत सहा पुंकेसर, चार लांब दोन आखूड, असं दिसलं का समज मोहरीचंच खानदान. मग ओढू नको, खुरप्यानं माती हळू सरकवून मूळ पाय. सरळ एकच सोटमूळ असलं तर बी धरायच्या आधी निंदून टाक, झालं. पण युरोपातून अमेरिकेत गेलेलं रोरिप्पा सिल्व्हेस्ट्रिस म्हणून याच खानदानातलं एक तण आहे, पानं खोल कातरलेली, मुळं आडवी पसरतात अन् बारीकसा तुकडा राहिला तरी त्यातून नवं झाड फुटते, तिकडं नर्सरीच्या कुंड्यांतूनही ते पसरलं. आपल्या हरभऱ्यात पसरते ती हरणखुरी, फूल पांढरं-गुलाबी नरसाळ्यासारखं, कूळ वेगळं, पण मुळाच्या तुकड्यातून तीही फुटते, म्हणून अशा जागी मातीसोबत मुळांचेही तुकडे करणारा रोटाव्हेटर नकोच, माझ्या धुऱ्याजवळचा एवढासा पट्टा त्यानंच वावरभर झाला, लय जीव जळला. संत्र्याची कलमं आणली का पिशवीतल्या मातीत असे मुळांचे तुकडे तर नाही ना, पाहत जा, अन् उद्या मुळाचा फोटो टाक.